विप्रो घ्यावा का? उद्यमबागेतल्या काही रविवारांची गोष्ट

आमच्या वर्कशॉपच्या टेबलावर लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही असते. पूर्वी तिच्यात जॉबवर्कची आवक-जावक चलनं उतरवत असू. संगणकावर बिलं करायला लागल्यापासून मागची चाळीसेक पानं कोरीच राहिली होती. २०२५ च्या एप्रिलपासून दसऱ्यापर्यंत आम्ही पाच जणांनी त्या पानांवर एकाच शेअरबद्दल लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेअर विप्रोचा, बेंगळुरूच्या आयटी कंपनीचा. कुणी तो घ्यावा किंवा सोडावा असं सांगायचा माझा अधिकार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनी, आणि तीन जुन्या लेथ आहेत, ऑटोचे पार्ट काढतो. पण घसरणारा शेअर हातात घेण्याआधी काय काय बघावं लागतं, ते या सहा महिन्यांत माझ्या पदरात पडलं, म्हणून लिहितोय.

पाच जण म्हणजे मी. शेजारच्या गल्लीतला फौंड्रीवाला दोस्त. टिळकवाडीचे अण्णा, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, घरी कन्नड आणि आमच्याशी मराठी. माझी थोरली बहीण अक्का, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिक्षिका. आणि निपाणीचे मामा, ज्यांचं सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. सहावा माझा पुतण्या. तो बेंगळुरात आयटीत आहे, भिशीत नव्हता, पण त्याच्याशिवाय आमचं पान हललं नसतं.

आम्हा पाच जणांची भिशी मार्चअखेर पुरी झाली. महिना पाच हजार, वर्षाचे प्रत्येकी साठ हजार. दोस्त म्हणाला, "सगळे तीन लाख माझ्या डीमॅटमधनं, शेअरच्या खात्यातनं, लावूया की, कटकट एकदाच." अण्णांनी तिथल्या तिथं हात आडवा केला. दुसऱ्याचा पैसा आपल्या नावावर शेअरात घालायचा, तर उद्या कर कुणी भरायचा? लाभांश कुणाचा? आणि देव न करो, खातेदारालाच काही झालं, तर त्याच्या बायकोमुलांसमोर आपण कुठला कागद धरणार? "विचार एकत्र करूया, खरेदी ज्याच्या त्याच्या खात्यात," असं त्यांनी ठरवून टाकलं. चाळीस वर्षं लोकांचे पैसे सांभाळलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. वहीच्या पहिल्या ओळीत आम्ही तेच लिहिलं.

१६ एप्रिलला, बुधवारी, विप्रोचे चौथ्या, म्हणजे जानेवारी-मार्चच्या, तिमाहीचे आकडे आले. गुरुवारी भाव आपटला. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी, बाजार बंद. त्यामुळे पुतण्या सलग सुट्टीला घरी आला होता. रविवारी सकाळी वर्कशॉपचं अर्धं शटर वर करून बसलो. चहा आला, मिरची-भजी आली, आणि दोस्तानं खिशातून एक चौकोनी घडी घातलेला कागद काढला.

"हे बघा. २०२३ ला कंपनीनं स्वतःचेच शेअर ४४५ रुपयांनी परत विकत घेतले. बारा हजार कोटी घातले. आता तोच शेअर २४० ला मिळालाय. कंपनीला ४४५ ला परवडला, आपल्याला २४० ला परवडत नाही व्हय?"

ऐकायला बिनतोड. मीसुद्धा मान डोलावली. पुतण्यानं भजीचा हात पुसला आणि विचारलं, "काका, डिसेंबरमध्ये तुमच्या खात्यातले शेअर दुप्पट झाले नव्हते का?" दोस्ताकडं आधीचे दहा शेअर होते. त्यानं फोन उघडून बघितला : वीस. २०२४ च्या डिसेंबरात विप्रोनं एकास एक बोनस दिला होता, एका शेअरचे दोन झाले आणि भाव अर्धा. म्हणजे २०२३ चे ४४५ आजच्या हिशेबानं २२२ रुपये ५० पैसे. कंपनीनं जो भाव दिला, त्याहून आम्ही वरच्या भावाला घ्यायला निघालो होतो. तसंच २०२१ च्या ऑक्टोबरातल्या उंचीचं. जुन्या बातमीत ७४० च्या आसपास दिसतं, आजच्या मापात ते ३७०. शेअर पडला होता हे खरंच, पण ७४० वरून २४० ला आलाय असं जो म्हणतो, तो घसरणीचा दुप्पट हिशेब करतो. फोनवरचा आलेख बोनस धरून जुने भाव आपोआप कमी करून दाखवतो. बातमीतला, जुन्या करारनोटेतला म्हणजे खरेदीच्या कागदावरचा आकडा तसाच राहतो. दोन्ही शेजारी ठेवले की माणूस फसतो. दोस्तानं कागदाची घडी परत घातली आणि खिशात ठेवली. त्याचं तोंड उतरलेलं मला बघवेना, कारण तीच चूक मी पण पाच मिनिटं करून बसलो होतो.

मग त्यानं अमळनेर काढलं. खानदेशातलं अमळनेर कुणा गुंतवणूकदाराला माहीत नाही? १९४५ साली तिथं वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ही कंपनी सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९६६ मध्ये वडील गेले आणि २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींना अमेरिकेतलं शिक्षण सोडून यावं लागलं. तेल-साबणातून कंपनी संगणकात गेली ती १९८० च्या आसपास. गावातल्या ज्यांनी जुने शेअर जपले, त्यांच्या घरांचं सोनं झालं. मराठी माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण मामा एवढा वेळ गप्प होते, ते म्हणाले, "ज्यांनी ठेवले त्यांची गोष्ट सांगतोस. ज्यांनी २००० साली घेतले त्यांची सांग की." त्यांना हे कुठून ठाऊक, मला कळेना. २००० च्या फेब्रुवारीत आयटीच्या वेडात हा भाव आभाळाला टेकला होता आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त खाली आला. कंपनी तीच, मालक तोच, धंदा तर त्या काळात वाढतच होता. चुकला होता तो घेतानाचा भाव.

मामांचं पुढचं बोलणं मी वहीत जसंच्या तसं उतरवलंय. "बाळ, पडत्या धंद्यात पैसा मिळत नाही असं नाही. तंबाखू माझ्या डोळ्यादेखत कमी झाला. लोक ऊस, सोयाबीनकडं वळले. तरी ज्यानं वखार नेमक्या भावाला घेतली, त्यानं पंधरा वर्षं कमावलं. पण वाढत्या धंद्याचा भाव देऊन पडता धंदा घेतला तो बुडाला. तुमची ही कंपनी कुठल्या भावाला मिळालीय, वाढत्याच्या का पडत्याच्या, ते आधी काढा."

पुढचे दोन रविवार आम्ही तेच काढत बसलो.

पहिलं काम : विक्री. एका जुन्या ड्रॉइंगच्या कोऱ्या पाठीवर मी मार्किंगच्या पेन्सिलीनं तीन ओळी मारल्या. २०२२-२३ चा महसूल ९०,४८८ कोटी. २०२३-२४ चा ८९,७६० कोटी. २०२४-२५ चा ८९,०८८ कोटी. दोन वर्षं सलग उतार, तोही रुपयांत. डॉलरमध्ये आयटी सेवांचा धंदा १,११६ कोटींवरून १,०५१ कोटींवर आलेला. त्याच वर्षी टीसीएस आणि इन्फोसिस दोघींचा महसूल रुपयांत सुमारे ६ टक्के वाढला होता. म्हणजे सगळ्या आयटीवर मंदीचं सावट असलं तरी ही गाडी बाकीच्यांपेक्षा मागं पडत होती. शिवाय कंपनीनं स्वतःच सांगितलं होतं की एप्रिल-जूनमध्ये महसूल आणखी दीड ते साडेतीन टक्के घटेल.

दुसरी ओळ नफ्याची. ११,३५० कोटी, मग ११,०४५, आणि आता एकदम १३,१३५ कोटी. विक्री घटली आणि नफा जवळपास १९ टक्के वाढला! दोस्त उठून उभाच राहिला. "बघा! कंपनी सुधारालीय."

इथं मला माझं वर्कशॉप आठवलं. २०१९ मध्ये ऑटोची मंदी आली तेव्हा मी दुसरी पाळी बंद केली. ओव्हरटाइम बंद. दोन हेल्पर गेले, त्यांच्या जागी कुणी घेतलं नाही. नवं टूलिंग पुढं ढकललं. वर्षअखेर सीएंनी ताळेबंद दाखवला तेव्हा विक्री कमी आणि टक्केवारी चांगली, असंच चित्र होतं. मी खूश झालो होतो. दोन वर्षांनी गिऱ्हाइकानं मोठ्या व्यासाचा पार्ट काढला. माझ्याकडं ना तेवढी मशीन, ना शिकवून तयार केलेला ऑपरेटर. ते काम दुसऱ्या शेडमध्ये गेलं आणि आजही तिथंच आहे. खर्च आवळून आलेला नफा खोटा नसतो, पण तो एकदाच काढता येतो. दुसऱ्या वर्षी आवळायला काही उरत नाही.

विप्रोतही माणसं कमी झाली होती. अडीच लाखांच्या वर होती ती मार्च २०२५ ला २ लाख ३३ हजारांवर. आयटी सेवांचं मार्जिन, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीत धंद्याचा नफा किती ते, वर्षाला १७.१ टक्के, शेवटच्या तिमाहीत १७.५. चांगलंच. धंद्यातून आलेली रोकड निव्वळ नफ्याहून जास्त, हेही चांगलं. आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्यांना ठाऊक असतं की कागदावरचा नफा आणि खात्यात जमा झालेले पैसे यांत किती अंतर पडू शकतं. त्यामुळे कंपनी दुबळी आहे असं कुणी म्हणत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की ती वाढणार का?

पुतण्यानं तासभर समजावलं. तो दुसऱ्या कंपनीत आहे, पण वारं सगळीकडं एकच, असं म्हणाला. "काका, गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं काम देतो. एक, जे थांबलं तर त्याची बँकच बंद पडेल. ते चालू आहे. दुसरं, जे केलं तर बरं. ते थांबलंय." अमेरिकेतून निम्म्याहून जास्त धंदा आणि नुकतेच २ एप्रिलला तिथं नवे आयातशुल्क जाहीर झालेले. आयटीवर थेट शुल्क नाही, पण ज्यांच्यावर पडलं तेच आयटीचे गिऱ्हाईक. ते हात राखून खर्च करणार.

मग एआय. त्यानं सांगितलं की पूर्वी दहा जणांचं काम आता सात जण करतात, आणि गिऱ्हाइकाला ते माहीत आहे. तो विचारतो, तीन माणसं वाचली तर माझं बिल का कमी नाही? हे ऐकून दोस्त आणि मी एकमेकांकडं बघितलं. उद्यमबागेत सीएनसी आल्या तेव्हा हेच झालं होतं. पार्ट चौपट वेगानं निघायला लागला, आम्हाला वाटलं कमाई चौपट. गिऱ्हाइकानं स्टॉपवॉच लावून सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, मोजला आणि पुढच्या वर्षी नगामागचा दर कापला. दरवर्षी कापतो. मशीनचा फायदा ज्याच्याकडं काम देण्याची सत्ता आहे, त्याच्याकडं सरकतो. पण हेही खरं, की ज्यांनी सीएनसी घेतलीच नाही, त्या शेडांची शटर कायमची खाली आली. मला वाटतं आयटीचं असंच होणार : काम संपणार नाही, दर पडणार, आणि जो भरपूर जास्त नग काढेल तोच वाढेल. भावनेच्या भरात कुणी "आयटी मेली" म्हणालं की मला पटत नाही, आणि "काही होत नाही" म्हणालं की त्याहून पटत नाही.

मोठ्या ऑर्डरींवरही बराच वाद झाला. वर्षात ५४० कोटी डॉलरची मोठी कामं मिळवली, आदल्या वर्षापेक्षा साडेसतरा टक्के जास्त. मार्चमध्ये ब्रिटनच्या फिनिक्स ग्रुपचं १० वर्षांचं ५० कोटी पौंडांचं काम. दोस्ताचं म्हणणं, ऑर्डर आली म्हणजे विक्री येणारच. मी त्याला विचारलं, "तुझ्याकडं ओपन ऑर्डर किती आणि महिन्याचं शेड्यूल किती?" तो गप्प झाला. ओपन ऑर्डरवर वर्षाचे पन्नास हजार नग लिहिलेले असतात. शेड्यूल येतं दोन हजारांचं. माल शेड्यूलप्रमाणं उचलला जातो. दहा वर्षांच्या ऑर्डरीचं या वर्षाला किती येतं, आणि त्याच वेळी जुनी किती कामं संपतात, हे वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दोन वर्षं ऑर्डरींच्या बातम्या येत होत्या आणि विक्री उतरत होती, हे त्या ड्रॉइंगच्या पाठीवर स्पष्ट दिसत होतं.

अण्णांनी मात्र सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत जड हिशेब मांडला. वर्षाची कमाई शेअरमागं साडेबारा रुपये. भाव २४०. भागाकार केला की एकोणीस. "उलटं करून बघा. २४० रुपयांवर साडेबारा, म्हणजे सव्वापाच टक्के. माझी जुनी बँक मुदत ठेवीला सात देते. वाढ नसेल, तर जोखीम घेऊन सव्वापाच का घ्यायचे? वाढणाऱ्या इन्फोसिसचा तो एकोणीसचा आकडा बावीसच्या आसपास आहे. फरक कितीसा?"

मामांनी चष्मा वर केला. "मला आठ टक्के पाहिजेत. वाढ शून्य धर. भाव काय येतो?"

अण्णांनी वहीच्या समासात केलं : १५६.

"मग माझा भाव १५६," असं म्हणून मामा चहा प्यायला लागले. त्यांच्यापुरती चर्चा तिथं संपली. मला आजही वाटतं की त्या खोलीत सर्वांत स्वच्छ विचार त्यांचाच होता : धंदा पडता आहे तर भाव पडत्याचा द्या, वाढीचा भाव मागत असाल तर वाढ दाखवा.

तरी मी घेतला, आणि का घेतला ते सांगायला हवं. एक म्हणजे, त्या जानेवारीत कंपनीनं जाहीर केलं होतं की तीन वर्षांत मिळून नफ्याच्या ७० टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम भागधारकांना देणार. साडेबाराचे ७० टक्के पावणेनऊ होतात; २४० वर साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त. वाढ आली नाही तरी हातात काही येत राहील. दुसरं, नवे मुख्याधिकारी श्रीनी पालिया. २०२४ च्या एप्रिलमध्ये थिएरी डेलापोर्ट यांच्या जागी आले, तीस वर्षांहून जास्त काळ त्याच कंपनीत काढलेले. घरातल्या माणसाला कुठला बेल्ट घसरतोय ते आवाजावरून कळतं, एवढी माझी श्रद्धा आहे.

तिसरं कारण अक्काचं. तिच्या शाळेत २०२४ पासून मुलांना आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळतं. आधी सरकारी योजनेत दोन दिवस होतं, बाकीच्या चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन उचलतं. अंडं न खाणाऱ्याला केळं. ती सांगत होती, जंगलाकडच्या वाड्यांतली पोरं अंडं सोलताना किती हळू सोलतात, पांढऱ्याचा तुकडा टरफलाला चिकटून वाया जाऊ नये म्हणून. २०१९ पर्यंत प्रेमजींनी विप्रोतल्या एकूण ६७ टक्के हिश्श्याचा लाभ या कामासाठी देऊन टाकला. अक्का म्हणाली, "ह्या कंपनीचा लाभांश माझ्या वर्गात येतोय." अण्णांनी तिला आदरानं पण स्पष्ट सांगितलं, "ताई, मालक पुण्यवान आहे म्हणून भाव स्वस्त होत नाही." दोघांचंही खरं होतं. मी त्यात एवढंच जोडलं की ज्या मोठ्या भागधारकाला दरवर्षी शाळांसाठी पैसे लागतात, तो रोकड कंपनीत पडून राहू देणार नाही, लाभांश देत राहील. हे मला व्यवहाराचं कारण वाटलं.

माझ्यामागं एक जुना घाव पण होता. २०२१ मध्ये मी एका लहान तंत्रज्ञान कंपनीचे शेअर घेतले होते, नाव इथं नको. भाव पडला की घेतले, आणखी पडला की आणखी घेतले. सरासरी खाली येतेय या समाधानात तीनदा पैसे घातले. शेवटी विकले तेव्हा पाचातला एक हिस्सा उरला होता. त्या वर्षी बायकोला कबूल केलेलं स्वयंपाकघराचं काम राहिलं. ती एका शब्दानं बोलली नाही, ओट्याची फुटकी फरशी मात्र दोन वर्षं तशीच होती आणि रोज सकाळी चहा करताना मला दिसायची. म्हणून या वेळी मी हट्ट धरला : घेण्याआधी लिहायचं, कशासाठी घेतोय, आणि काय झालं तर आणखी घ्यायचं नाही.

तिसऱ्या रविवारी वहीत अटी उतरल्या. पैशाचे तीन हप्ते. पहिला आता. दुसरा हप्ता भाव पडला म्हणून घ्यायचा नाही. स्थिर चलनात सलग दोन तिमाही विक्री वाढली तरच. स्थिर चलन म्हणजे काय, हे पुतण्यानं अक्काला शाळेच्या भाषेत सांगितलं : "तू मागच्या वर्षी शंभर वह्या विकल्यास, या वर्षी अठ्ठ्याण्णव, पण वहीचा भाव वाढला म्हणून गल्ल्यात पैसे जास्त. डॉलर-पौंडाच्या भावाचा तसा फुगा काढून टाकायचा आणि वह्या मोजायच्या." मार्जिन १६ टक्क्यांच्या खाली सलग दोनदा गेलं, तर असलेलेही विकायचे. आणि ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, तो इथं घालायचा नाही. या शेवटच्या अटीनं अक्काचे साठातले पंचेचाळीस हजार बाजूला निघाले, कारण लेकीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन २०२७ ला आहे.

दरम्यान दोस्ताच्या ओळखीतल्या कुणीतरी मेसेज पाठवला, जूनअखेर ३२५. कारण विचारलं तर आलेखावर मारलेल्या दोन रेघा आल्या. आम्ही पुढं विचारलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी ८० शेअर घेतले, २४० च्या थोडं वर. बाजारभावानं उचलू नको, मर्यादा घालून, म्हणजे याहून वर घ्यायचं नाही असा भाव लिहून, ऑर्डर टाक, असं अण्णांनी सांगितलं होतं, तसंच केलं. दुसऱ्या दिवशी शेअर खात्यात. अण्णांनी एक हप्ता घेतला, अक्कानं पंधरा हजारांचे. दोस्तानं अटी मान्य केल्या, सही केली, आणि दुसऱ्याच दिवशी सगळे साठ हजार एकदम लावले. मामांनी पैसे निपाणीला नेले. वहीत सही केली नाही. "मी घेतला नाही तर सही कशाला?" म्हणाले.

१७ जुलैला जूनच्या तिमाहीचे आकडे आले. नफा ३,३३० कोटी, महसूल २२,१३५ कोटी, गेल्या वर्षीच्या तिमाहीपेक्षा ०.८ टक्के जास्त. शेअरमागं पाच रुपये अंतरिम, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच दिलेला, लाभांश. मोठ्या कामांचा आकडा गेल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. भाव २६० च्या वर. दोस्ताचा फोन आला तेव्हा मी टूल बदलत होतो. "आता दुसरा हप्ता घे की रे! विक्री वाढली!" संध्याकाळी वही उघडली. रुपयांत वाढली होती. स्थिर चलनात आदल्या तिमाहीपेक्षा २ टक्के आणि गेल्या वर्षीपेक्षा २.३ टक्के कमी. वह्या कमीच विकल्या गेल्या होत्या. मी घेतला नाही. दोस्ताला विकायचा मोह झाला, पण वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर साडेबारा आणि तोही सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर, हे अण्णांनी सांगितल्यावर तो थांबला. करासाठी थांबणं हे मला फारसं पटलेलं कारण नाही. विकायचं तर धंदा बघून विकावं. पण पैसा त्याचा.

सप्टेंबरात अमेरिकेनं नव्या एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे तिकडं नोकरीला जाणाऱ्यांच्या परवान्यावर, एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. सोमवारी, २२ तारखेला, सगळे आयटी शेअर घसरले आणि महिनाअखेर विप्रो पुन्हा २४० च्या घरात. पाच महिन्यांनी आम्ही जिथं होतो तिथंच, हातात लाभांशाचे ४०० रुपये.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी. मशिनी धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून, व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने सगळं पाटावर मांडून पूजा केली. सगळे आले होते. मामा निपाणीहून सकाळच्या बसनं आले. बिडीवरचा जीएसटी २८ चा १८ होणार असं जाहीर झाल्यामुळं वखारीत जरा हालचाल आहे, असं सांगत होते. नारळ फोडून झाल्यावर दोस्तानंच वही काढली. भाव परत पहिल्या ठिकाणी आलाय, दुसऱ्या हप्त्याचं काय ते आज ठरवूया, म्हणाला. त्याच्याकडं घालायला पैसे उरले नव्हते, तरी त्यालाच जास्त घाई.

अक्कानं अटीचं पान मोठ्यानं वाचलं. सलग दोन तिमाही. एकही झालेली नाही. सप्टेंबरच्या तिमाहीसाठी कंपनीचाच अंदाज उणे एक ते अधिक एक टक्का, आणि आकडे यायला अजून पंधरा दिवस. पाच मिनिटांत संपलं. तिनं तिच्या वळणदार शाळेच्या अक्षरात लिहिलं : "दुसरा हप्ता – थांबणे. कारण – अट पुरी नाही." आम्ही चौघांनी सह्या केल्या. मी वही मिटायला घेतली तर मामांनी हात पुढं केला.

"आण इकडं. हे मला पटलंय."

हळदीचं बोट धोतराला पुसून त्यांनी सावकाश सही केली. आणि सहीशेजारी एक आकडा टाकला : १५६.